वाचलंस तर हुंकार दे

प्रिय योगिनी,

‘प्रिय’ लिहायचं मनात नव्हतं. पण पत्र सुरू करायची दुसरी रीत मला येत नाही, आणि कितीही चिडले तरी मी रीत सोडत नाही हे तू शाळेपासून बघत आलीस. तेव्हा ‘प्रिय’ वाचून गाफील राहू नकोस. मी तुझ्यावर भयंकर संतापले आहे.

गेल्या आठवड्यात जयगडहून हौसाकाकी आल्या होत्या. भर उन्हात एसटीनं, इथे नाचणे गावापर्यंत. पाणी पुढे केलं तर तांब्या बाजूला सारला आणि आधी फोन माझ्या हातात दिला. त्यांचा बाळा ज्या जहाजावर आहे, ते परमुलखातल्या कुठल्याशा बंदराबाहेर अडकून पडलंय. मालक गायब, पगार बंद, खलाशांना उतरायची परवानगी नाही. काकींनी आपल्या गटात लिहिलं होतं, त्यांच्याच भाषेत: ‘बाळाचा जहाज बंदराभायर उभा हाय. मालक पलाला. पानी मोजून देतत. पोराचा फोन लागत नाय.’ त्याखाली तुझं नाव, तुझा हसरा फोटो आणि तुझं उत्तर. ‘हौसाताई, पाणी मोजून वापरण्याची सवय किती छान! बाळाकडून आपण सगळ्यांनीच शिकायला हवं.’ पुढे गुलाबाचं फूल.

मला वाटलं, बाई तुला शिव्या घालायला आली असेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्यासमोर खाली बसल्या आणि विचारलं, “मृणाली, योगिनी माज्यावर रागावली काय गो? माजा काय चुकला?” तू टोमणा मारलास असं त्यांना वाटलं होतं. एवढं शिकलेली मुलगी उगाच असं लिहिणार नाही, आपल्याच हातून काही वावगं झालं असणार, या समजुतीनं त्या माफी मागायला आल्या होत्या. माफी, योगे. जिचा मुलगा तिकडे घोटभर पाण्यावर दिवस काढतोय तिनं तुझी माफी मागायची.

तुझ्या ऑफिसातल्या वैष्णवीला फोन लावला, कारण तुझा फोन हल्ली तीच उचलते. पोरगी सरळ आहे, लपवाछपवी केली नाही. म्हणाली, गणपतीनंतर सगळी उत्तरं एआय देतं, मॅडमच्या नावानं. आणि तिनं आणखी सांगितलं की त्या यंत्राला तू आपला जुना नियम शिकवून ठेवलास. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो नियम तुझाच होता. माझ्या स्वयंपाकघरात बसून, ओल्या काजूंची सालं काढत केलेला. तुझा संदेश आणि माझा अजिंक्य, दोघांचे नवरे तेव्हा एकाच जहाजावर होते, आणि कंपनीच्या ऑफिसात फोन केला की पलीकडचा बाबा आपलं नाव न विचारता म्हणायचा, “घरच्या बोलताय ना?” म्हणून गटाचं नावही ‘घरच्या’ ठेवलं. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, नाहीतर तो थांबतो, असं तू म्हणाली होतीस. म्हणून इथे अंगठा चालणार नाही, जोडलेले हात नाहीत, फुलं तर मुळीच नाहीत. वाचलंस तर हुंकार दे: एक वाक्य, त्यात तिचं नाव आणि तिनं सांगितलेलं काहीतरी. बायकांना ते इतकं आवडलं की राजापूरपासून दापोलीपर्यंतच्या, नवरा किंवा मुलगा बोटीवर असलेल्या बायका येत गेल्या. चिमाला लिहिता येत नव्हतं तर ती बोलून पाठवायची, आणि तिलाही बोलूनच हुंकार मिळायचा. कोणाचं जहाज रेंजबाहेर गेलं की ती एकटी राहत नसे.

मग संदेशनं जहाज सोडलं, तुम्ही पुण्याला गेलात. तुझं बरं झालं याचा मला कधी हेवा वाटला नाही, खरंच सांगते. पण फोनची वाट बघणं संपल्यावर तू गटाचं ॲप केलंस, वर्गणी लावलीस, आणि दर महिन्याला आम्हाला तक्ते पाठवू लागलीस. प्रतिसाद इतका वाढला, सक्रियता तितकी वाढली. गेल्या महिन्याची तारका सदस्य कोण होती आठवतं का? हौसाकाकी. रोज लिहितात म्हणून. अगं, रोज लिहितात कारण कोणी खरं उत्तर देत नाही. तुझ्या तक्त्यात त्या पहिल्या आल्या आणि त्यांच्या फोटोभोवती तू सोनेरी चौकट लावलीस.

पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सगळ्याच माझ्या बाजूच्या आहेत असंही नाही. गटातली मथुरा मला तोंडावर म्हणाली, “यंत्र तर यंत्र, निदान उत्तर तरी देतंय. तुम्ही कुठे रोज देत होतात?” तिचं अगदीच खोटं नाही. एवढ्या बायकांना दोघींनी पुरं पडणं शक्य नाही, हे मलाही कळतं. मग तसं सांगायचं होतंस. चार जणी जोडीला घेतल्या असत्या, आळीपाळीनं केलं असतं. नाहीतर एखादीला उत्तर नसतं मिळालं, तेही चाललं असतं. उत्तर नाही मिळालं तर बाई शेजारच्या घरी जाते. खोटं उत्तर मिळालं की ती घरातच बसते, आपलंच चुकलं म्हणून.

तेव्हा ते यंत्र आजच्या आज बंद कर. हौसाकाकींना स्वतः फोन कर, स्वतःच्या आवाजात सांग की ते तू लिहिलं नव्हतंस. त्या क्षमा करतील, आणि ते तुला जास्त लागेल, पण लागू दे.

हे सगळं मी ॲपवर लिहू शकले असते. लिहिलं नाही, कारण मंगळवारी मी तुला तिथे एक ओळ लिहिली होती. गटात नाही, तुला एकटीला. कंपनीतून फोन आला होता, की सकाळच्या हजेरीला अजिंक्य नव्हता. जहाजावर कुठेच नाही. शोध चालू आहे. ‘शोध चालू आहे’ याचा अर्थ तू आणि मी आजवर किती जणींना जवळ बसवून समजावला, आठवून बघ. ती ओळ मी तुला पाठवली, आणि तुझं उत्तर लगेच आलं: ‘मृणालीताई, अजिंक्यचा शोध चालू आहे हे वाचून आनंद झाला. शोध कधीच थांबवू नका!’ जन्मात तू मला ताई म्हटलेलं नाहीस. घरात अजून कोणाला सांगितलं नाही. सासूबाई परसात कोकमं वाळत घालतायत, मधूनच विचारतात, अजिंक्यचा फोन आला का गो, आणि मी म्हणते, रेंज नसेल. मला एकटीला त्यांना सांगता येणार नाही. शेजारचा भिकाजी आज गाडी घेऊन पुण्याला येतोय. हे पत्र वैष्णवीकडे न देता तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावलंय, आणि परतीच्या गाडीत तुझ्यासाठी एक जागा ठेवायला सांगितलंय. उत्तर लिहू नकोस. ये.

तुझीच,
मृणाली