अर्धी गोळी

वर्धा, ता. १० जानेवारी १९५६

चि. डॉक्टर अच्युत यास दादाचे आशीर्वाद; मागणे असल्यामुळे नेहमीपेक्षा जरा जास्तच.

तुझ्या वहिनीच्या शस्त्रक्रियेची जखम भरली. परवा तिने माझ्या आमटीला नावे ठेवली, म्हणजे प्रकृती सुधारते आहे. वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेली रोहणा गावची सुंदरा आता तिची जिवलग झाली आहे. दर महिन्याला ती आदल्या दिवशी आमच्याकडे येते आणि दोघी मिळून नागपूरला तुमच्या संशोधन विभागात कर्करोगाच्या गोळ्या आणायला जातात.

पण तू म्हणतोस, निम्म्या बायकांना खरे औषध आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या! अरे, एकाच पंगतीत एकीला बुंदीचा लाडू आणि दुसरीला मातीचा? याला पंक्तिभेद म्हणतात, आणि तो करणारा नरकात जातो. तुला तिकडे पाठवायची माझी इच्छा नाही. तेवढ्यासाठी तरी पद्मेला खरी गोळी मिळेल असे बघ.

लोभ आहेच, तो गोळीवर अवलंबून नाही.
नरहर

नागपूर, ता. १८ जानेवारी १९५६

ती. दादांस अच्युतचा शिरसाष्टांग नमस्कार.

कोणाला काय मिळते हे मलाही ठाऊक नाही. बाटलीवर नुसता क्रमांक असतो, तोही चिठ्ठी टाकून ठरलेला. कोणता क्रमांक कशाचा, ते दुसऱ्याच माणसाकडे कुलुपात आहे. मी निवडू लागलो, तर तगतील अशाच बायकांना खरे औषध देईन. मग गुण औषधाचा की माझ्या निवडीचा, हे कधीच कळायचे नाही. शिवाय हे औषध तारते की मारते, हेच आम्हाला माहीत नाही. माहीत असते तर ही पंगत मांडलीच नसती.

वहिनींना हे समजावले होते. त्या म्हणाल्या, दोघींपैकी एकीला मिळाले तरी झाले. मी म्हटले, तसेही नाही, कदाचित एकीलाही मिळणार नाही. त्या नुसत्या हसल्या.

आशीर्वाद राहू द्यावा.
अच्युत

वर्धा, ता. २ मार्च १९५७

चि. अच्युत यास आशीर्वाद.

पद्मेचे तेरावे आटोपून तू गेलास आणि दुसऱ्या दिवशी सुंदरा आली. उंबऱ्यातच बसली. म्हणाली की मी काय सांगून राह्यली ते आधी ऐकजा, अन मंग मले हाकलून देजा.

नागपूरहून आल्यावर दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसत. दोन्ही बाटल्या ताटात ओतून पद्मा अडकित्त्याने प्रत्येक गोळीचे दोन तुकडे करी. अर्धा स्वतःला, अर्धा सुंदराला. ती नको म्हणाली, की पद्मा दटावी, मुकाट्याने खा, या घरात पंक्तिभेद चालत नाही. शब्द माझाच उचललेला. आणि मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत, अडकित्त्याचा आवाज ऐकून, सुपारी कमी खा म्हणून ओरडत असे.

तुझ्या प्रयोगाचे काय करायचे ते कर. मला एवढेच कळव, खऱ्या गोळ्या कोणाच्या होत्या?

नरहर

नागपूर, ता. १५ मार्च १९५७

ती. दादांस साष्टांग नमस्कार.

दोघींनाही गणनेतून वगळावे लागले. आमच्या निष्कर्षात त्या कुठेच नसतील. वगळल्यामुळेच त्यांचे क्रमांक उघडता आले. खरे औषध वहिनींच्या बाटलीत होते. सुंदराच्या बाटलीत साखर.

दादा, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पूर्ण गोळीने वहिनी वाचल्या असत्या की आणखी लवकर गेल्या असत्या, सुंदरा त्या अर्ध्या गोळीने बरी आहे की एरवीही राहिली असती, हे कोणालाच सांगता येणार नाही. हे विभागातला माणूस म्हणून लिहिले. तुमचा भाऊ म्हणून लिहायला बसलो, ते कागद फाडून टाकले.

सुंदराला सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपला,
अच्युत

वर्धा, ता. ६ एप्रिल १९५७

चि. अच्युत यास आशीर्वाद. नरकाची गोष्ट मागे घेतो.

काल सुंदरा आली होती. तब्येत चांगली आहे, शेतात जाऊ लागली आहे. तिने विचारलेच, खरी गोळी कोणाची होती ते समजलं का म्हणून. जन्मभर मुलांना खरे बोलायला शिकवले. काल मात्र मास्तरला शोभेल इतक्या शुद्ध भाषेत खोटे बोललो, की तुमच्या विभागाकडून ते कागद गहाळ झाले. तुझ्या खात्याची अब्रू गेली, क्षमा कर.

तिने पदरातून ज्वारीची भाकर काढली आणि मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. उरलेली हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. मग मीच सांगितले, मुकाट्याने खा, या घरात पंक्तिभेद चालत नाही.

तिने खाल्ली. माझी अजून ताटातच आहे.

लोभ असू दे.
नरहर