रिसालदारांचा रणगाडा आणि माझी केमिस्ट्री

७ सप्टेंबर, रविवार
गणपती गेले. स्पीकर गेले. साताऱ्यात पुन्हा विचार करता येऊ लागला, निदान मला तरी. आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. शरयूने तर नाहीच.

सकाळी फिरताना शेजारचे रिसालदार लालासाहेब भेटले. निवृत्त, रणगाड्यांच्या रेजिमेंटमधले. पंचाहत्तरीतही छाती पुढे काढून चालतात, जसं काही रस्त्यावर परेडच चालू आहे. काखेत खोका. आत टी-५५ रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं, शेकडो तुकडे, आपलं आपण जोडायचं. मुलाने, विश्वजीतने, कॅनडातून पाठवलंय. साहेबांनी ऐन तारुण्यात हाच रणगाडा चालवला. विश्वजीत पाच वर्षांनी घरी येतोय, खंडेनवमीला. त्या दिवशी त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असते. तलवार आणि मेडलांशेजारी पोराला हा रणगाडा दिसला पायजे, म्हणाले. माझ्या हाताला कंप हाय वो अनंतराव, तुमी शिकल्याली मानसं, तुमीच करा.

कंपबिंप ठीक आहे. खरं कारण उघड आहे. फौजी माणसाला बारीक काम जमत नाही. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, तोही परीक्षकाच्या अडाणीपणामुळे. पुढे पतसंस्थेत मॅनेजर झालो म्हणून काही विज्ञान अंगातून जात नाही. हो म्हटलं. फिरायला आलेल्या बाकीच्या रिकामटेकड्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

८ सप्टेंबर
शरयूने मला न विचारता तिच्या भाच्याला सांगलीला फोन लावला. निमिष. वय तीस, लग्न नाही, घरभर प्लास्टिकची विमानं. म्हणाला, काका, या किटमध्ये डिंक नसतो. पातळ लिक्विड सिमेंट मागवा, ब्रशने सांध्याला लावलं की आपोआप आत शिरतं, प्लास्टिकच वितळवून जोडतं. मी म्हटलं, बघू. मग रंगांवर घसरला. थिनरचं मात्र, काका, असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात मी फोन कट केला. शरयूला सांगितलं, रेंज गेली.

सांगलीकरांना हळदीतलं कळतं. पॉलिमर हा त्यांचा प्रांत नव्हे.

११ सप्टेंबर
संशोधन सुरू.

घरातला पांढरा गोंद: वाळला आणि सायीसारखा निघून आला. ट्यूबमधला प्लास्टिकचा डिंक: तारा सुटतात, पक्क्या पाकासारख्या. डायनिंग टेबलापासून माझ्या चष्म्यापर्यंत. इन्स्टंट ग्लू: उत्तम. लगेच चिकटतो.

अंगठ्यालाही चिकटतो. दुपारभर रणगाड्याचा टरेट, म्हणजे वरची फिरती टोपी, अंगठ्यावर घेऊन बसलो होतो. शरयूने चहा आणून दिला आणि डावा हात रिकामा हाय न्हवं, असं लालासाहेबांच्या आवाजात विचारलं. वयाला शोभत नाही. शेवटी तिच्या नेलपॉलिश रिमूव्हरने सुटका झाली. मात्र टरेटवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. रिमूव्हरमुळे प्लास्टिक लोण्यासारखं झालं होतं. बायकांच्या प्रसाधनांत काय काय घालतात! यापुढे शास्त्रीय द्रवच वापरायचे.

१७ सप्टेंबर
लिक्विड सिमेंट मागवलं होतं, परवा आलं. निमिषने सांगितलेलंच आहे, पण मी त्या निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोहोचलो.

मान्य करायला हवं, चमत्कार आहे. ब्रश टेकवला की सांध्यातून सरसर पळतं. दोन दिवसांत रणगाडा उभा. एक चाक उरलं. कारखान्यातून जास्त आलं असावं. मी उजवीकडे जरा सढळ हाताने लावलं, त्यामुळे तिकडचा साखळीपट्टा चाकांशी एकजीव झालाय. नाहीतरी पूजेत रणगाडा कुठे पळणार आहे?

संध्याकाळी लालासाहेब बघायला आले. हात मागे बांधून वाकले, बराच वेळ बघत राहिले. डोळे भरून आले होते की काय. असाच व्हता गड्या, असं म्हणाले, मला नव्हे, रणगाड्याला. मग विचारलं, रंग आजून द्यायचाय न्हवं? म्हटलं, हो. म्हणाले, जपून.

मला जपून! ज्यांच्या हाताला कंप आहे ते मला जपून म्हणतात. पण चहाचा कप त्यांनी अगदी स्थिर धरला होता. म्हातारी माणसं सहानुभूतीसाठी काहीही सांगतात.

२० सप्टेंबर
रंग दिला. डबीवर लष्करी हिरवा लिहिलं होतं. निघाला पोपटी. शरयू म्हणाली, तोंडल्याची भाजी आठवते. रंगकंपन्यांना लष्कराशी काही देणंघेणं उरलेलं नाही. ब्रशचे पट्टेही उमटलेत, पण तो ब्रशचा दोष.

निर्णय: सगळा रंग काढून पुन्हा द्यायचा. रंग थिनरने निघतो हे सहावीतल्या मुलालाही माहीत असतं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
नाथाजीच्या रंगाच्या दुकानात गेलो. गर्दी. त्यात तिघे-चौघे माजी सैनिक, एकजण छातीवर रिबिनी लावून. नाथाजीने विचारलं, काय रंगवायचंय? लाकूड का लोखंड?

आता चारचौघांत, त्यातही या चारचौघांत, प्लास्टिकचं खेळणं म्हणायचं? पतसंस्थेचा माजी मॅनेजर? म्हटलं, रणगाडा.

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. नाथाजी म्हणाला, चौकात मांडून ठेवलाय त्यो व्हय? मग साधं न्हाई चालायचं, कडक देतो, बारा पिढ्यांचा रंग उतरंल. मी फक्त मान हलवली. चौकाचं नाव मी घेतलं नव्हतं, तेव्हा खोटं बोललो असं कोणी म्हणू शकत नाही. रिबिनीवाल्याने उठून मला खुर्ची दिली. चहा आला. माजी सैनिकांच्या कामात नाथाजी नफा घेत नाही म्हणे. घेऊ नये, हेच योग्य.

तसा नाथाजी अडाणीच. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. मीही वाचलं नाही, कारण मला वाचायची गरज नाही.

२५ सप्टेंबर, दुपार
शरयू देवळात. तिचा पुरणाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात कडक थिनर ओतलं, रणगाडा अलगद सोडला. पाच मिनिटांत पोपटी रंग सुटायला लागला. विज्ञान! झाकण लावलं. वासाने डोकं हलकं झालं म्हणून जरा आडवा झालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
झाकण उघडलं. रंग निघाला आहे. पूर्ण निघाला आहे.

थोडं प्लास्टिकही निघालं आहे.

तोफ खाली वाकली आहे. टरेट एका कुशीवर झोपला आहे. बोट लावलं तर रणगाडा बोटाबरोबर आला. शरयूने डबा पाहिला, रणगाडा जुन्या पेपरवर काढला आणि डबा बाहेर उकिरड्यावर ठेवला.

२६ सप्टेंबर
वाळला. कडक झाला, पण याच आकारात. तोफेत उदबत्तीची काडी घालून सरळ करायला गेलो. काडी मोडून आतच राहिली. थिनर भेसळीचं आहे याबद्दल आता शंका नाही.

असलं किट पुन्हा मागवायला कॅनडातून महिना लागतो. विश्वजीत तीस तारखेला पोहोचतोय. रात्री जेवण गेलं नाही. असाच व्हता गड्या, हे म्हणतानाचा म्हाताऱ्याचा चेहरा सारखा दिसतो. मला वाईट वाटतंय, असं इथे लिहून ठेवतो. उद्या हे पान फाडीन.

२८ सप्टेंबर
फाडलं नाही. कारण मार्ग सापडला. हा रणगाडा बिघडलेला नाही, तो लढलेला आहे! शत्रूचा गोळा लागल्यावर पोलाद असंच वाकतं. त्यावर काळा, करडा, गंजाचा तांबडा असा रंग दिला. विझलेल्या चुलीसारखा दिसतो, म्हणजे बरोबरच दिसतो. पाच मिनिटांचं भाषण तयार केलं: युद्धाचं खरं चित्रण आणि आपल्याकडचा चकचकीतपणाचा सोस. आरशासमोर दोनदा म्हटलं. फौजी लोक याला नक्की दाद देतील. साधं, नवंकोरं मॉडेल काय, निमिषही करतो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
गेलो. पाटावर तलवार, मेडलं, झेंडूच्या माळा. मध्ये जागा रिकामी, माझ्यासाठी राखलेली. विश्वजीत पाया पडला. मी रणगाड्यावरचा रुमाल बाजूला केला आणि भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला विश्वजीतने शांतपणे विचारलं, काका, रणगाडा कुठाय?

लालासाहेब वाकले. हात मागे बांधून, त्या दिवशी वाकले होते तसेच. मग मला विचारलं, थिनर कुटनं आनलं? म्हटलं, नाथाजी. म्हणाले, त्यानं इचारलं आसंल काय रंगवायचंय. हो. तुमी काय म्हनालासा? म्हटलं, रणगाडा.

म्हातारा खाली बसला. म्हणाला, मी बी त्येच म्हनालो वो.

उठून कपाट उघडलं. मेडलांच्या कप्प्यामागे दोन रणगाडे. एकाची तोफ शेपटीसारखी वळलेली, दुसऱ्याचे पट्टे पोटाला चिकटलेले. विश्वजीत बघतच राहिला. त्याने याआधी दोन पाठवले होते. लालासाहेबांनी त्याला सांगितलं होतं की ते कस्टमवाल्यांनी अडकवले. म्हणजे हाताला कंप कधीच नव्हता. विश्वजीत म्हणाला, आबा, दुकानात प्लास्टिकचा आहे म्हणायला काय झालं होतं? लालासाहेब म्हणाले, आरं, नाथाजीच्या दुकानात समदी फौजेतली मानसं बसल्याली आसत्यात. तिथं उभा ऱ्हाऊन रिसालदार प्लास्टिक म्हनंल व्हय? मग माझ्याकडे वळून म्हणाले, म्हनून तर तुमास्नी दिला. तुमाला कसली आलीया रेजिमेंट? तुमी सरळ सांगशीला वाटलं.

मी रणगाड्यावर पुन्हा रुमाल टाकायला गेलो.

मग त्यांनी ते दोन रणगाडे पाटावर मांडले आणि माझा त्यांच्या शेजारी ठेवला. म्हणाले, तीन रणगाड्यांचा येक ट्रूप आसतोय. झाला पुरा. विश्वजीतने तिघांनाही हळद-कुंकू वाहिलं. फुलं वाहिली. बाकी दोघांवर फुलं टिकली, माझ्यावरचं घसरून पडलं. तिघांत माझाच जास्त वाकडा आहे. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

घरी आलो. शरयू उकिरड्यावरचा डबा घासत बसली होती, वास जात नव्हता. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि सांगलीला लावला. निमिषला म्हटलं, त्या दिवशी रेंज गेली होती रे. थिनरचं तू काय म्हणत होतास?