फळ्यावर मावणारे ग्रह

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. थोडा खोकला आहे, पण तो खडूचा. काळजी करू नकोस.

आज मात्र डोकं फिरलंय. तिसरीला सूर्यमाला शिकवायला पोरांना मैदानात नेलं. सूर्य म्हणून फुटबॉल ठेवला. त्या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, आणि तोही चाळीस पावलांवर! पोरं बघतच राहिली. शनीची गोटी घेतलेली मुलगी पावलं मोजत फाटकाशी पोचली, तर वॉचमन तिला बाहेर सोडेना. "अहो, शनी रस्त्यापलीकडे येतो," असं मी त्याला समजावतेय, तोवर मोठ्या बाई आल्या. "ग्रह वर्गातच शिकवा हो. फळ्यावर मावतात की!"

मावतात ना! एका बाकावर दाटीवाटीने बसवलेल्या पोरांसारखे मावतात. मी दातओठ खात काढले, पोरांनी तस्सेच वहीत उतरवले. सकाळपासूनचं सगळं मुसळ केरात.

बाबांचा पाय कसा आहे? ते पडले मंगळवारी आणि मला कळलं रविवारी. दादा म्हणतो, "तू लगेच थोडीच पोचणार होतीस?" त्याचं खरंच आहे, म्हणून तर जास्त राग येतो.

मी निघताना भिंतीवरच्या नकाशावर वीत ठेवून तू म्हणाली होतीस, "एवढंच तर लांब आहे." आई, तो नकाशा आमच्या मोठ्या बाईंनीच काढला असणार.

तुझी,
धाकटी