लाल दोरी कोणी सोडली

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. छोटी सोमवारपासून शाळेत जायला लागली. तू पाठवलेला प्लंबर येऊन गेला, नळ गळायचा थांबला. वहिनींचे डबे माझ्याकडेच राहिलेत, या आठवड्यात पाठवते.

तुझे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. समोरासमोर किंवा फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हे लहानपणापासूनचं आहे. म्हणून लिहिते आहे, आणि चिठ्ठी आजच हातोहात पाठवते.

कंपनीचा चौकशी अहवाल काल मिळाला. दीड पान आहे. ‘मयत रक्षकाने गाडीतून उतरताना पिस्तुलाच्या चापावर बोट ठेवले असावे. सदर शस्त्राबाबत पूर्वी कोणतीही तक्रार आलेली नाही.’ खाली शस्त्रागार प्रमुख म्हणून तुझी सही. ती मी लगेच ओळखली. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी तूच करायचास.

गॅस बंद केला का हे ह्यांनी बारा वर्षं रोज तीनदा उठून बघितलं. आमचे जावईबापू रस्त्याला विचारून पाऊल टाकतात, असं तूच चिडवायचास. तेही हसायचे. अशा माणसाबद्दल तू ही ओळ लिहिलीस.

ती दहा नवी पिस्तुलं आली तेव्हाचं सगळं त्यांनी मला घरी सांगितलं होतं. सरावाच्या वेळी चाप ओढला, पण गोळी सुटली नाही. शेजारचा रक्षक काय झालं म्हणून बघायला वाकला, त्याला ओरडून मागे केलं. नळी समोरच्या वाळूच्या बांधाकडेच धरून ठेवली आणि मनात साठ अंक मोजले. नियम तीसचा आहे ना, मी विचारलं. ते म्हणाले, “गोळी उशिरा सुटायची असली तर? मला कुठे गाडी पकडायची होती.” मग मॅगझिन काढलं, गोळी बाहेर काढली, आत काही राहिलं नाही ना हे दोनदा बघितलं. दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी ते शस्त्रागारातल्या वाळूच्या पिंपात नळी धरून पिस्तूल भरत होते. बोट चापाजवळही नव्हतं. तरी गोळी सुटली. पिंपात गेली म्हणून कोणाला काही झालं नाही. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, बिघडल्याची खूण म्हणून त्याला लाल दोरी बांधली आणि तुझ्या हातात दिलं. स्वतः खोलून बघितलं नाही. ते आपलं काम नव्हे, म्हणाले.

ज्याने दोरी बांधली त्यानेच ती सोडायची, तीही दुरुस्ती डोळ्यांनी बघून, हा नियम तुझाच. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तू तो पाठ करून घेतोस.

दादा, ती दोरी तू सोडलीस. चार दिवसांनी तेच पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवलंस. तू तीन गोळ्या झाडून बघितल्या होत्यास म्हणे. नवं आहे, वापराने मोकळं होईल, असं म्हणालास. परत पाठवलं तर सगळी खेप अडकेल, आणि खेप पसंत करणारा तू. दुसऱ्या कोणाला दिलं तर तो बोभाटा करेल. ह्यांना म्हणालास, “तुम्ही घरचे आहात.”

आता जे टाळत होते ते लिहिते. ह्यांना वहीत तक्रार लिहून थेट साहेबांकडे जायचं होतं. मीच अडवलं. ज्याने नोकरीला लावलं त्याच्यावरच तक्रार करणार का, म्हटलं. दादा आपलं वाईट करेल का, असंही म्हटलं. त्यांनी चहाचा कप विसळून ठेवला आणि झोपायला गेले. नंतर तो विषय काढला नाही. विश्वास माझा होता, पिस्तूल त्यांच्या कमरेला होतं.

हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांचा पट्टा दाखवला. पिस्तुलाच्या चामडी कव्हरचं बटण लावलेलं होतं आणि तळाला भोक होतं. बटण लावलेल्या कव्हरात माणूस बोट कसं घालेल? हे मला काल अहवाल वाचताना सुचलं. तुला तिथेच कळलं असणार, तू माझ्या शेजारी उभा होतास. तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “घाई केली गं त्यांनी.” मी ते खरं मानलं. तीन आठवडे मी त्यांच्यावर रागावले होते, दादा. त्यांच्या फोटोकडे बघत नव्हते. ते मला कसं भरून देणार आहेस?

काल संध्याकाळी त्यांच्याबरोबरचा लंबू भेटायला आला. त्याचंही पिस्तूल परवा सरावात चाललं नाही. कोणाला सांगितलंस का, विचारलं. तो म्हणाला, “दोरी बांधून काय होतं ते बघितलं ना, ताई.” आणि कमरेला तेच पिस्तूल लावून कामावर गेला. ह्यांचं पोलिसांकडे आहे. बाकीची नऊ अजून माणसांच्या अंगावर आहेत. लंबूची मुलगी छोटीच्याच वर्गात आहे.

पोलिसांनी मला गुरुवारी अकरा वाजता जबाबाला बोलावलं आहे. वर लिहिलं ते सगळं मी सांगणार, मी अडवलं तेसुद्धा. ह्यांच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द मी राहू देणार नाही. बुधवारचा दिवस तुझ्या हातात आहे. सकाळीच ती नऊ परत घे आणि साहेबांना स्वतः जाऊन खरं सांग. तू सांगितलंस तर मला फक्त हो म्हणावं लागेल. नाही सांगितलंस तर सगळं मी सांगेन.

उद्या इकडे येऊ नकोस, आम्ही घरी नाही.

वहिनींना यातलं काही माहीत नसेल, तर ते तूच सांग. माझ्याकडून कळू देऊ नकोस.

गुरुवारी अकरापर्यंत तुझीच,
धाकटी