शेवग्याखालचं परळ

पिंपळगाव राजा,
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप कोकिळाताईस,
धाकटा भाऊ उकंडराव याचा सा. न. वि. वि.

फोन केला तर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी न विचारलेल्या गोष्टींची तू उत्तरं देतेस, म्हणून पत्र लिहीत आहे. इकडे सगळं ठीक. कापसाचे दोन वेचे झाले. गणेश आणि सूनबाई सुवर्णा मजेत आहेत.

पूनम मात्र फेब्रुवारीपासून घरी आलेली नाही. झुंबरच्या दहाव्याला मी स्वतःच्या हातानं पिंड ठेवले, दोन तास उन्हात उभा राहिलो, पण एक कावळा खाली उतरला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा माझी लेक साऱ्या भावकीसमोर काय म्हणाली ते तू ऐकलंसच, यंत्र लावलं होतंस. "मायच्या पानाले कावळा शिवत नाही, तोवर मी या घरचं पाणी पेणार नाही." आणि तशीच गाडीत बसून सासरी गेली. तेव्हापासून गाव माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. बायकोला छळलं म्हणून कावळा शिवला नाही, असं म्हणतात.

६ फेब्रुवारीला वर्षश्राद्ध आहे. पान घरीच, अंगणात ठेवायचं. तोवर कावळ्यांना आपल्या अंगणाची सवय लावायची असं मी ठरवलं आहे. सुवर्णानं मोबाइलवरून पाखरांसाठी एक हिरवी नळी मागवली. तिला चार भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाखाली बसायला काडी. बाजरी भरून शेवग्याला टांगली. चिमण्या येतात, मुनिया येतात. कावळा नाही. तू शाळेत जन्मभर पोरांना पाखरं शिकवलीस, तर कसलं भांडं लावावं ते कळव.

लहान भावावर माया असू दे.
तुझा,
उकंडराव


बीबी,
२० नोव्हेंबर २०२५

चि. उकंडराव यास,
कोकिळाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा काळजीनं आणि एकदा करमणूक म्हणून.

अरे, कावळा म्हणजे काय मुनिया आहे, की काडीवर बसून बाजरी टिपत बसेल? ती नळी चिमण्यांसाठी ठेव. कावळ्याला ऐसपैस टेकायला जागा लागते. भांडं हललेलं त्याला खपत नाही. कोण येतंय ते चहूबाजूंनी दिसावं लागतं आणि उडायला मोकळी वाट लागते. तेव्हा पसरट भांडं घे, छातीएवढ्या उंचीवर पक्कं बसव. भाकरीचे तुकडे, भात, कधी उकडलेलं अंडं घाल. रोज एकाच वेळी आणि एकाच हातानं.

झुंबरचं अगदी असंच होतं. शेवग्याखाली दगडी खांब, त्यावर परातीएवढं मातीचं परळ. स्वयंपाक झाला की पहिली भाकरी त्यात. ती कधी हाका मारायची नाही, नुसत्या बांगड्या वाजवायची, की आलेच सगळे. तुला आठवत नसेल. त्या वेळी तू नवी गाडी पुसत असायचास.

प्रकृतीला जप. आशीर्वाद तर आहेतच, तुला त्यांची गरज दिसते.
कोकिळाताई


पिंपळगाव राजा,
४ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे टोमणे पोचले. भांड्याचं मात्र ऐकलं. शेजारच्या गोकुळनं आधी तेलाचा डबा चारी बाजूंनी कापून तारेनं टांगून दिला. तो झुलायचा, त्यात पारवे येऊन बसले आणि खारींनी भात उधळला. मग कुंभाराकडून परळ आणलं आणि त्याच जुन्या खांबावर चुना-सिमेंट लावून बसवलं. रोज सकाळी आठला मी स्वतः भाकरी कुस्करून घालतो.

कावळे येतात, पण शेवग्यावर. पाच-सहा जण वर बसून असे ओरडतात की शेजारणी दार लावून घेतात. खाली एक उतरत नाही. मी बाजूला उभा राहून पाहिलं, ओट्यावर बसून पाहिलं, गोठ्याच्या आडोशाला राहून पाहिलं. सुवर्णा सांगते की मी शेतात निघालो आणि फाटकाची कडी वाजली की दोन मिनिटांत परळ साफ होतं. गोकुळ तर तोंडावर म्हणाला, "काका, ते भाकरीले नाही भेत. तुम्हाले भेऊन राह्यले."

याचा अर्थ काय समजावा? परळ लहान पडतं का? की रंग बदलून पाहू?

राग धरू नये, उत्तर लवकर द्यावे.
उकंडराव


बीबी,
११ डिसेंबर २०२५

चि. उकंडराव यास,
अ. उ. आ.

परळाचा रंग बदलू नकोस. बदलायचं झालं तर तोंड बदल.

आमच्या शाळेत एक शिपाई होता. त्यानं एकदा निंबावरचं कावळ्याचं घरटं काठीनं पाडलं. पुढे तीन वर्षं तो माणूस डोक्यावर पाटी धरून घंटा वाजवायला जायचा. बाकी कोणाला कावळ्यांनी चोच लावली नाही. एवढ्या माणसांत फक्त त्याला. कावळा माणसाचं तोंड विसरत नाही, पिल्लांनाही दाखवून ठेवतो.

आता तू विचारशील की तुझं तोंड त्यांनी काऊन लक्षात ठेवलं. चार वर्षांमागे तुझ्या नव्या गाडीवर शिटतात म्हणून झुंबरचं परळ तू फोडलंस. तरी ते येत राहिले, तेव्हा गलोलीनं एक कावळा मारलास आणि पायाला सुतळी बांधून त्याच शेवग्याला उलटा टांगलास. नवरात्रापासून दिवाळी होईपर्यंत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दुसरं काही दिसत नव्हतं. काढून टाका म्हणून ती पाया पडली, तर तू म्हणालास की पाहू दे, म्हणजे पुन्हा लाड करणार नाही. हे सगळं झुंबरनं मला नंतर सांगितलं. मी असते तर तिथल्या तिथे तुझ्याच हातानं तो काढायला लावला असता.

तेव्हा दहाव्याला कावळा का उतरला नाही हे कोडं नाही. झुंबरची इच्छा राहिली असेल-नसेल, पण पिंडापाशी तू उभा होतास.

हे वाचून जेवण जाणार नाही, तरी वेळेवर जेव.
कोकिळाताई


पिंपळगाव राजा,
२७ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र चुलीत घातलं. मग त्यातलं एकेक वाक्य पाठ असल्याचं कळलं.

झालं ते झालं. मला त्या वेळी ते एवढं मोठं वाटलं नव्हतं. एक पाखरू मेलं, एवढंच. ती नंतर कधी काही बोललीही नाही. खरं तर त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची, ते माझ्या ध्यानात यायला तिला जावं लागलं. हे मी तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार नाही.

पण पूनमचं काय? माझी एकच लेक आहे. मी टोपी सोडली, गणेशचा शर्ट-पँट घालून गेलो. परवा न्हाव्याकडे जाऊन मिशी काढली. चाळीस वर्षांची मिशी, ताई. घरी आलो तर सुवर्णानं आधी ओळखलं नाही आणि कावळ्यांनी फाटकातच ओळखलं. एकानं डोक्यात चोच मारली, खपली अजून आहे. हसायचं तर हस, पण उपाय सांग.

तुझा,
उकंडराव


बीबी,
३ जानेवारी २०२६

चि. उकंडराव यास,
अ. उ. आ.

हसले. दोन दिवस हसले. बिनमिशीचा तू कसा दिसत असशील ते मनात आणून चहा सांडला.

उपाय सोपा आहे. त्या घरातल्या एकाच माणसाला ते कावळे भीत नव्हते. झुंबरचं हिरवं लुगडं अजून पेटीत असेल. ते नेस, पदर हनुवटीपर्यंत ओढ, बांगड्या वाजव आणि भाकरी घाल. जन्मात एकदा तिच्या जागी उभा राहून बघ. गावाचीही करमणूक होईल.

तुझी हितचिंतक,
कोकिळाताई


पिंपळगाव राजा,
१६ जानेवारी २०२६

ती. कोकिळाताईस,
सा. न. वि. वि.

तू चेष्टेनं लिहिलंस हे मला समजलं होतं. तरी मी केलं.

लुगडं सुवर्णानं नेसवलं. ती बिचारी वर पाहत नव्हती. बांगड्या माझ्या हातात जाईनात, म्हणून दोरीत ओवून वाजवल्या. पदराआडून मला फक्त परळ आणि माझे पाय दिसत होते. भाकरी घातली आणि तिथेच उभा राहिलो. शेवग्यावर आधी गलका झाला, मग सगळे गप्प झाले. मग एक उतरला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मान तिरकी करून त्यानं पदराकडे पाहिलं आणि निवांत खाऊ लागला. त्याला किती दिवसांनी झुंबर भेटल्यासारखं झालं असेल असं माझ्या मनात आलं आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं रडलो, तरी तो उडाला नाही.

आता रोज जातो. नळावरच्या बायकांनी पाहिलं. दूधवाला मला झुंबरबाई म्हणतो आणि भावकीत मी वेडा झालो असं ठरलं आहे. चालेल. ६ तारखेला पान शिवेल याची मला खात्री झाली. पूनमला तेवढं तू कळव, माझा फोन ती उचलत नाही.

उपकार विसरणार नाही.
उकंडराव


बीबी,
२० जानेवारी २०२६

चि. सौ. पूनम हीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुला एक गंमत कळवते. तुझा बाप मिशी काढून, तुझ्या आईचं हिरवं लुगडं नेसून रोज सकाळी कावळ्यांना भाकरी घालतो. पिंपळगावची माणसं बघायला येतात. तू त्याला जन्माची अद्दल घडवलीस, मानलं तुला. त्याचं म्हणणं की यंदा पान शिवेल. मी श्राद्धाला येणार होते, पण गुडघ्यांनी नाही म्हटलं. तू जाऊन ये. तो कसा दिसतो ते मला सविस्तर लिही.

जावयांना आशीर्वाद.
आत्या


खामगाव,
२६ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
पूनमचा शि. सा. न.

मला यात गंमत दिसली नाही. तो कावळा टांगलेला असताना माय मला रोज फोन करायची. बोलायची नाही, नुसती रडायची.

मी ६ तारखेला येईन. पण ते माझ्यासमोर नकोत. लुगड्यातही नकोत आणि धोतरातही नकोत. कावळा येईपर्यंत, आणि मी तिथून निघेपर्यंत, त्यांनी अंगणात पाय ठेवायचा नाही. कबूल असेल तर येते. हे त्यांना तुम्हीच कळवा, तुम्हाला जमेल.

पूनम


बीबी,
२९ जानेवारी २०२६

चि. उकंडराव यास,
अ. उ. आ.

पूनम यायला तयार आहे. तिच्या पत्राचा कागद सोबत जोडला आहे, मी माझ्या शब्दांत सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही. कोठीच्या खोलीला जाळीची खिडकी आहे, तिथे बसून तुला सगळं दिसेल.

वाईट वाटून घेऊ नकोस. कावळा शिवावा हीच तुझी इच्छा होती ना?
कोकिळाताई


पिंपळगाव राजा,
९ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप कोकिळाताईस,
उकंडरावचा सा. न. वि. वि.

श्राद्ध पार पडलं. तुला सविस्तर हवं असेल, म्हणून लिहितो.

मी सकाळी सातलाच कोठीत जाऊन बसलो. विधीला गणेश बसला. पूनम नऊला आली. वाळली आहे. सुवर्णानं तिला सांगितलं की कावळे हिरव्या लुगड्याला ओळखतात. ते दोरीवर वाळत होतं. पूनमनं हातात घेतलं, त्यावर कावळ्यांचे डाग होते ते पाहिले, आणि नेसली. पदर घेऊन पान परळात ठेवलं, बांगड्या वाजवल्या. ती मागे सरायच्या आतच कावळा पानावर आला. आधी भात, मग वडा. साऱ्या भावकीनं हात जोडले. म्हाताऱ्या बायका मोठ्यानं म्हणाल्या की झुंबरचं एवढंच मागणं होतं, हा माणूस समोर नको. खिडकी जवळ आहे, मला ऐकू येईल हे त्यांना माहीत होतं.

पूनम घरचं पाणी प्यायली. पितळी फुलपात्रानं, दोनदा. जेवलीही. निघताना कोठीच्या दारापर्यंत आली. मला वाटलं, हाक मारील. तिनं सुवर्णाला विचारलं, "मायचं लुगडं मी घेऊन जाऊ का?" सुवर्णा दाराकडे पाहत राहिली. मी आतूनच हो म्हणालो. आवाज ऐकून पूनम थांबली, मग गेली.

बाकीची लुगडी तेराव्यालाच वाटून टाकली होती. दुसऱ्या दिवशी धोतर नेसून भाकरी घेऊन गेलो. पाच कावळे शेवग्यावर होते. तेच ओरडणं. आज तिसरा दिवस आहे, मी गेलो की परळ तसंच राहतं. त्यांनी मला माफ केलं असं मी तीन-चार आठवडे धरून चाललो होतो. त्यांनी तर मला पाहिलंच नव्हतं.

मला तो एक कावळा पुन्हा तसा जवळ आलेला हवा आहे, दुसरं काही नको. म्हणून मागणं, तुझं एखादं जुनं लुगडं असेल तर पाठव. मात्र त्या वर्षीच्या भाऊबीजेला नेसून आली होतीस ते जांभळं नको. झुंबरनं नंतर सांगितलं असं तू लिहिलंस, पण त्या दिवशी याच शेवग्याखाली पाट मांडून तू मला ओवाळलंस. कावळा तुझ्या डोक्यावर दोन हातांवर लटकत होता. तू वर पाहिलंस, झुंबरकडे पाहिलंस, आणि ओवाळणी घेऊन जेवायला बसलीस. कावळे तेव्हाही झाडावर होते.

गुडघ्यांना जप. मोठ्या बहिणीची माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझाच धाकटा भाऊ,
उकंडराव