अक्कांचा फोटो आणि चारशेची लेन्स

नुंगंबाक्कम, चेन्नई
रविवार सकाळ

ती. राघोत्तममामांच्या चरणी तुमच्या भाचजावयाचा, वसंताचा, साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा तंजावरच्या हवेत कसा वागतोय ते कळवावे. (तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. माझ्या मराठीतल्या चुका लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवायची तुमची पद्धत चालू ठेवा. मी साताऱ्याचा असलो तरी मराठीत तुमचाच शब्द शेवटचा, हे मी लग्नातच कबूल केलं आहे.)

पत्रास कारण तुमच्या अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, तब्येत ठणठणीत, आणि घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. या वयात फोटो काढला की तो भिंतीवर जातो आणि त्याला हार पडतो, असं त्यांचं ठाम मत. चार वर्षांपूर्वी तुम्ही कॅमेरा बाहेर काढलात तेव्हा "भिंतीचं माप घ्यायला आलास का?" असं त्या बोलल्या आणि तुम्ही ताटावरून उठून स्टेशन गाठलंत, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून भावंडांचं बोलणं बंद. पण रंजनीला आईचा एक फोटो हवाच आहे, आणि मी जूनमध्ये बँकेतून निवृत्त झाल्यामुळे ही कामगिरी माझ्यावर आली. रिकामा जावई दिसला की त्याला काम सुचवणाऱ्यांना तोटा नसतो.

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेले तुम्ही नेहमी सांगायचात की कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स जन्माची सोबत करते, तेव्हा आधी लेन्स निवडावी आणि मग तिच्या जोगी बॉडी. मी नेमकं उलटं केलं. त्याला कारण राहुकाळ. पंधरा दिवसांपूर्वी खरेदीला निघालो तो शुक्रवार, आणि शुक्रवारी साडेदहाला तो लागतो, त्याच्या आत खरेदी उरक, अशी रंजनीची ताकीद होती. (तुमचीच भाची. तिच्यापुढे माझं काय चालणार?) दुकानात वेंकट नावाचा भला विक्रेता मला लेन्स दाखवत होता, "सार, अवसरम् वेंडाम," म्हणजे घाई नको, असं विनवत होता. मी दहा सव्वीसला नुसत्या बॉडीचं बिल करून बाहेर पडलो. मग दीड तास समोरच्या हॉटेलात तीन कॉफ्या प्यालो. राहुकाळ संपल्यावर शेजारच्या गल्लीत एक सेकंडहँड चारशे मिलिमीटरची लेन्स दिसली, दुधीभोपळ्याएवढी. अक्कांचा फोटो लांबून, त्यांच्या नकळत काढायचा बेत होता, त्यामुळे मला ती देवानेच पाठवली असं वाटलं. घरी येऊन बसवायला गेलो तर बसेना. लेन्स एका कंपनीची, बॉडी दुसरीची, दोघींची तोंडं वेगळी! मुहूर्त बघितला आणि पत्रिका जुळवायची राहिली, असं आमचं झालं.

दोन्ही घेऊन परत दुकानात गेलो. वेंकट हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने दोघींच्या मध्ये बसणारं एक अ‍ॅडॉप्टर दिलं. त्याने लेन्स बसली, पण आपोआप फोकस होणं बंद पडलं. शिवाय या लेन्सला चार मीटरच्या आतलं काही स्पष्ट दिसत नाही, आणि आमचा हॉल आहे अकरा फुटांचा. मी मागे सरत सरत दाराबाहेर गेलो, जिन्याच्या चौकात गेलो, आणि शेवटी समोरच्या नारायणस्वामींच्या हॉलमध्ये पोचलो. त्यांनी काही न विचारता मला खुर्ची दिली. (रेल्वेतून निवृत्त माणूस, त्यांना कशाचं आश्चर्य वाटत नाही.) दोन उघड्या दारांतून अक्का शेवग्याचा पाला निवडताना दिसत होत्या. मी चौदा फोटो काढले. अकरांत त्यांचा डावा कान आला आणि तीनमध्ये शेवग्याचा पाला. पाला मात्र सुरेख आलाय, देठ मोजून घ्यावेत इतका.

पंधराव्याला अक्का मान वर न करता म्हणाल्या, "काय रे वसंता, एवढी मोठी नळी धरून परक्याच्या घरातनं काय बघतोस? मीच दिसते ना? परवायिल्लै, असू दे, आत ये." मी चोरासारखा आत आलो. रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाल्या, "राघू असता तर ही भोपळ्याची लेन्स घेऊ दिली नसती." चार वर्षांत तुमचं नाव त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. रंजनी स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी वेंकटकडून, त्याच बॉडीला बसणारी, साधी पन्नासची लेन्स आणली. आता अक्का दुपारभर कॅमेरा घेऊन खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरची भाजीवाली, मांजर, नारायणस्वामींचं वाळत घातलेलं धोतर, काहीही टिपतात. त्यांचा मात्र अजून एकही फोटो नाही. पण घरात आनंद आहे, आणि पाला निवडायचं काम माझ्याकडे आलंय. मामींना नमस्कार.

तुमचा
वसंत

ता. क. पन्नासची लेन्स बरोबर निवडली ना, ते विचारायला हे पत्र लिहिलं, असं अक्कांनी सांगायला सांगितलं आहे.

ता. क. २. खरं ते असं. काल मी पुन्हा फोटोचं काढलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "एकटीचा नको. जोडीच्या फोटोला हार कोण घालतं? राघूला माझ्याशेजारी येऊन बस म्हण." आणि लगेच, "मी म्हटलं म्हणून कळवू नकोस." रोज सकाळी तंजावरची गाडी येऊन गेली का, हे मात्र त्या विचारतात. मामा, या.

ता. क. ३. मी मापून पाहिलं आहे. आमच्या हॉलमध्ये पन्नासच्या लेन्सने दोघं चौकटीत मावायचे तर खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. त्याहून रुंद लेन्स मी घेणार नाही.