तुझ्यापेक्षा तरुण

प्रिय हेमा,

शनिवारी आमच्या बिबवेवाडीच्या महिला मंडळात पाळी गेल्यानंतरच्या तब्येतीवरचं तुझं भाषण संपलं आणि मी तुला न भेटताच निघाले. तुला वाटलं असेल, पूर्णिमाला घरी घाई असेल. घाई कसली, कुकर तेवढा लावायचा होता. मला तुझा हेवा वाटत होता आणि तो तोंडावर दिसेल म्हणून मी पळाले.

शाळेत एका बाकावर बसलो आपण, आणि मी तुझ्याहून सहा महिन्यांनी लहान. पाळीही दोघींची एकाच वर्षी गेली. पण त्यानंतर मला काय मिळालं, तर वाढलेलं वजन, उडालेली झोप आणि जिना उतरताना वाजणारे गुडघे. तू मात्र रोज तळजाईची टेकडी चढतेस, डंबेल्स उचलतेस आणि हिरव्या साडीत चाळिशीची दिसतेस. श्रीधर श्रीखंडाची दुसरी वाटी पुढे करत मला म्हणतात, हेमाताईंकडून काहीतरी शीक. शिकते हो, आधी तुमची वाटी भरते.

दहा वर्षं मी या मंडळाची चिटणीस आहे. मला बायका विचारतात ते खुर्च्या किती लागतील एवढंच. तुला त्यांनी हाडांचं विचारलं, छातीतल्या धडधडीचं विचारलं, आणि तू कोरडेपणाबद्दल बोललीस तेव्हा पदराआड हसून झाल्यावर त्याचंही विचारलं. तू एकदाही घुटमळली नाहीस. मी मागे बसून तुझ्यासाठी आणलेल्या गुच्छातली फुलं कुस्करत होते. दोन गुलाब कमी होते ते त्यामुळे.

आता एक सांगते, ते कोणालाच माहीत नाही. श्रावणात मला डाग दिसले, चार वर्षांनी. आणि हेमा, मला आनंद झाला. वाटलं, हेमाची गेली ती गेली, माझी परत आली. म्हणजे मीच तरुण. त्या दिवशी मी अबोली रंगाची साडी नेसले आणि मेडिकलमध्ये जाऊन चारचौघांत पॅड मागितले. दुकानदार कागदात गुंडाळू लागला, तर म्हटलं, राहू द्या. तुला कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण ती मजा मी राखून ठेवली. दिवाळीनंतर पुन्हा डाग दिसले, तेव्हाही गप्प बसले.

आणि शनिवारी तू म्हणालीस, "पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी दिसला, तरी ती परत आलेली पाळी समजू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही."

खरं सांगते, तेव्हाही मला भीती नंतर वाटली. आधी तुझा रागच आला, की हेही हिलाच माहीत.

सोमवारी एकटीच डॉक्टरांकडे गेले. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतंय. गुरुवारी सकाळी त्याचा तुकडा तपासणीला काढणार आहेत आणि बरोबर कोणीतरी हवं म्हणाले. श्रीधरांना नेलं तर त्यांचंच बीपी वाढेल. दोन दिवस विचार केला आणि प्रत्येक वेळी तुझंच नाव आलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू मायेनं बोलली असतीस आणि मला रडू आलं असतं, तेवढी मी अजून तुझ्यापुढे हरलेली नाही. सूनबाई अवनीच्या हाती देतेय. तिला वाटतंय, मंडळाचं आभारपत्र आहे.

ये. फक्त ती हिरवी साडी नेसू नकोस, नाहीतर डॉक्टर तुला विचारतील, आईंना कधीपासून त्रास होतोय. मला भीती वाटतेय, हेमा. रिपोर्ट चांगला यायला हवा. तुझा हेवा करायला मला अजून पुष्कळ वर्षं हवी आहेत.

तुझीच, तुझ्याहून लहान,
पूर्णिमा